मिक्सर गेला नाही, कपलर गेलाय

ओट्यावरचा मिक्सर बंद पडला, की घरोघरी साधारण एकच वाक्य ऐकू येतं: "दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा नवाच घेऊन टाकू." बोलणारा व्यवहारी वाटतो, ऐकणाराही मान डोलावतो आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवर ऑफरी बघणं सुरू होतं. मात्र या वाक्यातला हिशेब फार कच्चा आहे. त्यात नव्या मिक्सरची किंमत असते, दुरुस्तीचा कुणालाही न विचारता धरलेला खर्च असतो, आणि एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले पाच-सहा बिघाड 'मिक्सर गेला' एवढ्यात कोंबलेले असतात. नेमकं काय गेलंय हे कळल्याशिवाय मिक्सर ठेवायचा की काढायचा, हे ठरवताच येत नाही. आणि ते कळून घेतलं, तर कौल बहुतेक वेळा ठेवण्याच्या बाजूने पडतो. तो का पडतो आणि कधी पडत नाही, हे जरा सविस्तर पाहण्यासारखं आहे.

कुठल्याही फिरत्या यंत्रात दोन जातींचे भाग असतात. काही यंत्राच्या आयुष्याइतके टिकावेत म्हणून केलेले असतात, तर काही झिजणारच हे धरून, बदलता यावेत अशा बेताने बसवलेले असतात. सायकलचा टायर गुळगुळीत झाला म्हणून कुणी सायकल भंगारात काढत नाही. मिक्सरचे झिजणारे भाग मात्र झाकणाखाली असतात, त्यामुळे ते संपले की आपल्याला सगळं यंत्रच संपल्यासारखं वाटतं. यातला पहिला भाग म्हणजे कार्बन. मिक्सरमधल्या मोटरला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेरे घेतो. ही मोटर भार नसताना अठरा-वीस हजारांच्या घरात जाते. एवढ्याशा आकारात इतका वेग आणि जोर हवा, तर तिच्या फिरत्या भागाला, म्हणजे आर्मेचरला, तो फिरत असतानाच वीज पोचवावी लागते. फिरत्या दांड्याला वायर जोडून ठेवता येत नाही, पीळ बसून ती क्षणात तुटेल. म्हणून दांड्यावर तांब्याच्या पट्ट्यांचं एक कडं असतं, कॉम्युटेटर, आणि दोन बाजूंनी स्प्रिंगने त्यावर दाबून धरलेले कार्बनचे दोन चौकोनी तुकडे असतात. घासत राहून वीज देणं एवढंच त्यांचं काम. कार्बन मुद्दाम तांब्यापेक्षा मऊ ठेवलेला असतो, झिजायचं ते त्याने झिजावं आणि कॉम्युटेटर वाचावा म्हणून. काही वर्षांनी तो इतका आखूड होतो की स्प्रिंगचा दाब पुरत नाही. मग मिक्सर अडखळत सुरू होतो, एखादी थाप मारली की चालतो, बाजूच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसू लागतात, आणि एक दिवस तो गप्प होतो. दुरुस्तीवाला उघडून बघतो आणि म्हणतो, "कार्बन संपलेत." या कार्बनची जोडी शंभर रुपयांच्या आत मिळते.

दुसरा भाग कपलर, आणि माझ्या मते सगळ्या मिक्सरमधली सर्वांत हुशारीची वस्तू हीच. मोटरच्या दांड्यावर वरच्या बाजूला बसलेली दातेरी चकती आणि भांड्याच्या तळाला तिच्यात अडकणारी तशीच दुसरी, असा हा जोड असतो. तो रबराचा, नायलॉनचा किंवा प्लॅस्टिकचा करतात. धातूचा का करत नाहीत? तो जास्त टिकला असता, यात शंका नाही. पण चटणीत चुकून चमचा राहिला, हळकुंडाचा टणक तुकडा पात्याखाली अडकला, किंवा कोरडं खोबरं गच्च दाबून भरलं आणि पातं जागेवर अडलं, तर मोटरचा सगळा जोर कुठेतरी जायला हवा. धातूच्या जोडात तो पात्याच्या दांड्यावर आणि मोटरच्या वाइंडिंगवर, म्हणजे आत गुंडाळलेल्या तारेवर, गेला असता. मऊ कपलर असेल तर त्याचे दाते झिजतात किंवा तुटतात, आणि मोटर सुटते. मोटरवरचं संकट स्वतःवर घेण्यासाठीच हा भाग कमकुवत ठेवलेला आहे. कपलर गेला की मोटर जोरात घुमते, भांड्यात मात्र काही हलत नाही, जळक्या रबराचा वास येतो आणि भांड्याखाली काळी पूड पडलेली दिसते. घरच्यांच्या दृष्टीने हा मिक्सरचा शेवट असतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की बचावाची योजना जशी आखली होती तशी लागू पडली आणि महागाची वस्तू शाबूत आहे.

हा कपलर बदलणं पाहण्यासारखं असतं. पिन काढून मिक्सर आडवा करायचा. बऱ्याच मॉडेलमध्ये खालच्या बाजूने आर्मेचरच्या दांड्याचं टोक दिसतं आणि त्यावर स्क्रूड्रायव्हर बसेल अशी खाच असते. ती खाच धरून दांडा पक्का रोखायचा आणि वरचा कपलर फिरवायचा. इथे नवख्याची हमखास फसगत होते. मोटर चालताना कपलर सैल न होता उलट घट्ट होत राहावा, म्हणून बहुतेक मिक्सरमध्ये त्याचे आटे उलटे असतात; आपण नेहमीच्या सवयीने सोडवायला गेलो की तो आणखी आवळला जातो, आणि जोर लावणारा शेवटी कपलर तरी फोडतो नाहीतर खाच तरी खराब करतो. माहितगार माणसाचं हे दोन मिनिटांचं काम आहे. त्या दोन मिनिटांचे तो पन्नास-शंभर रुपये घेतो तेव्हा काहींना ते जास्त वाटतात. ते पैसे आटे कुठल्या बाजूने सुटतात हे ठाऊक असण्याचे असतात.

भांड्यांचं दुखणं वेगळं. पात्याचा दांडा तळातल्या बुशमध्ये फिरतो. चटणीचं, वाटणाचं मिठाचं पाणी तिथे झिरपतं, वाळतं, पुन्हा झिरपतं. बुश झिजला की पातं डुगडुगतं, आवाज वाढतो आणि भांड्याखाली काळपट पाणी साचतं. हे पाणी वरच्या वाटणातही उतरू शकतं, म्हणून हा बिघाड 'चालतंय ना, चालू दे' म्हणून सोडून देण्यातला नाही. बुश, पातं, वॉशर हे सगळं सुटं मिळतं. आणि सगळ्यात सोपा बिघाड तर बिघाडच नसतो. मोटरवर जास्त ताण आला की आतला ओव्हरलोड प्रोटेक्टर वीज तोडतो आणि मिक्सर एकदम बंद पडतो. बहुतेक मिक्सरच्या तळाला त्याचं छोटं लाल बटण असतं. पाच-दहा मिनिटं थांबून ते दाबलं की मिक्सर पुन्हा चालू. या बटणाची माहिती पुस्तिकेत असते, आणि पुस्तिका खोक्याबरोबर माळ्यावर गेलेली असते. एवढ्यावरून किती मिक्सर अडगळीत गेले असतील, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

आता खरं मरण. वाइंडिंग जळणं. आर्मेचरवर किंवा बाहेरच्या फील्ड कॉइलवर गुंडाळलेल्या तारेला लाखेसारख्या वार्निशचा पातळ थर असतो. मिक्सर सलग फार वेळ चालवला, की आतली उष्णता बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो थर करपतो, शेजारच्या तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट होतात. धूर येतो, आणि एक उग्र, घशाला बसणारा वास येतो जो रबराच्या वासाहून अगदी निराळा असतो. आर्मेचर नव्याने भरणं हे नाजूक काम आहे, कारण इतक्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूत थोडाही असमतोल राहिला तर मिक्सर थरथरायला लागतो आणि बेअरिंग खातो. त्यामुळे बहुतेक दुरुस्तीवाले भरण्याऐवजी तयार आर्मेचर बदलतात, आणि तिथे खर्च एकदम वर जातो. स्वस्तातल्या काही मोटरींमध्ये तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार असते. ॲल्युमिनियमचा विजेला होणारा अवरोध तांब्याच्या जवळजवळ 1.6 पट, तेवढ्याच जाडीची तार वापरली तर ती जास्त तापते, आणि तिचं टोक नीट झाळायलाही अवघड. असा मिक्सर जळला, तर त्याला दुरुस्त करण्याचा आग्रह मी धरणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की ही वेळ शेवटची आहे आणि आपण पहिल्याच बिघाडाला तिथे पोचल्यासारखे वागतो.

याच्या मुळाशी एक जुनी सवय मोडल्याची गोष्ट आहे. मिक्सरच्या आधी आपल्याकडे वाटण पाट्यावर व्हायचं आणि पीठ जात्यावर. दोन्हींचा दगड वापरून गुळगुळीत व्हायचा, वाटण नीट लागेना की टाकी लावणाऱ्याला बोलावलं जायचं. तो छिन्नी-हातोडीने दगडाला पुन्हा खरखरीत करून द्यायचा. पाटा गुळगुळीत झाला म्हणजे पाटा बाद झाला, असं कुणाच्या मनातही आलं नसतं. पितळेच्या भांड्यांच्या कल्हईचंही तेच. झीज हा वापराचाच भाग, आणि तिचा खर्च हा वापराचाच खर्च, असं गृहीत धरलेलं होतं. मी त्या काळाची आरती ओवाळत नाही. पाट्यावर वाकून वाटणाऱ्या बाईच्या कमरेला विचारलं तर ती मिक्सरच्याच बाजूने मत देईल. मुद्दा असा, की मिक्सर आला तेव्हा दगड गेला, श्रम गेले आणि त्यांच्याबरोबर देखभालीची समजही गेली. वीज आली म्हणून झीज थांबली नव्हती.

गंमत म्हणजे भारतीय मिक्सरचा जन्मच दुरुस्ती न झालेल्या यंत्रातून झाला. मुंबईत माधुरी माथुर यांचा ब्राउन कंपनीचा मिक्सर बिघडला आणि इथे त्याच्या दुरुस्तीची सोय होईना. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर इंजिनिअर होते. त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पेलेल असं यंत्र बनवण्याचं मनावर घेतलं, आणि 1963 मध्ये 'सुमीत' आला. पुढे दोन-तीन दशकं घरोघरी मिक्सर म्हणजे सुमीत असंच समीकरण होतं. ब्राउनसारख्या युरोपातल्या कंपन्यांची यंत्रं मुख्यतः मऊ, ओलसर पदार्थ घुसळायला केलेली. आपल्याकडे भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, भाजलेले मसाले आणि तेही शक्य तितकं कमी पाणी घालून वाटायचे. हा भार फार मोठा. म्हणून मोटर ताकदीची लागते, आणि म्हणूनच कार्बन, कपलर, बुश हे भाग इथे झपाट्याने झिजतात. मराठी स्वयंपाकघरात रोज शेंगदाण्याचं कूट आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण करणारा मिक्सर न झिजता दहा वर्षं चालेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. झीज भरून काढत तो त्याहून जास्त चालू शकतो, हे मात्र खरं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा. नवा साडेसातशे वॅटचा मिक्सर दोन-अडीच हजारांतही मिळतो. मग हजार रुपये दुरुस्तीला का घालायचे? अनेकांचा एक ठोकताळा असतो: दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीपुढे गेली तर नवं घ्यावं. ऐकायला रास्त आहे. पण यात दोन गोष्टी निसटतात. पहिली, तुलना कशाची कशाशी. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या जड, तांब्याच्या वाइंडिंगच्या मिक्सरची बरोबरी आजच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलशी करायची नसते. त्याच्या तोलाचा आज जो मिळेल त्याच्याशी करायची असते, आणि तो पाच-सहा हजारांच्या घरात जातो. दुसरी, दुरुस्तीने काय विकत मिळतं. कार्बन, कपलर आणि दोन भांड्यांचे बुश एकाच वेळी बदलले, तर यंत्राचे झिजणारे बहुतेक सगळे भाग नवे होतात आणि उरलेला मिक्सर जुना असला तरी त्याचा तो भाग झिजणाऱ्यातला नव्हताच. उलट हजार रुपये नुसत्या आर्मेचरला गेले आणि बुश-कपलर तसेच जुने राहिले, तर सहा महिन्यांत पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागणार. खर्चाचा आकडा तोच, पण एक दुरुस्ती फायद्याची आणि दुसरी तोट्याची. निम्म्याचा ठोकताळा हा फरक सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त आधुनिक आहे आणि मला तो अधिक गंभीर वाटतो: जुनी यंत्रं वीज खातात, नवी कमी खातात, तेव्हा जुन्याला चिकटून बसणं पर्यावरणाच्या दृष्टीनेही चूक. हे काही यंत्रांबाबत शंभर टक्के खरं आहे. छताचा जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो, आजचा कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. रोज पंधरा तास, वर्षातले तीनशे दिवस चालला तर जुना 337 युनिट खाईल आणि नवा 135. दोनशे युनिटचा फरक. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला सोळाशे रुपये. असा पंखा तीन हजारांना घेतला तरी दोन वर्षांत पैसे वसूल. जुन्या पंख्याचं वाइंडिंग जळलं असेल तर ते भरून घेण्यापेक्षा तो बदलावा, हे मी बिनदिक्कत सांगेन. पण हाच हिशेब मिक्सरला लावून पाहा. साडेसातशे वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटं पूर्ण ताकदीने चालला, तरी वर्षाला 46 युनिट होतात, म्हणजे पावणेचारशे रुपयांच्या आत. नवा मिक्सर वीस टक्के कमी वीज खातो असं अगदी उदारपणे मानलं, तरी वर्षाला सत्तर-पंचाहत्तर रुपये वाचतील. तेवढ्यात अर्धा किलो शेंगदाणेही येतील न येतील. दिवसभर चालणारं यंत्र आणि दिवसातून काही मिनिटं चालणारं यंत्र यांना एकच न्याय लावता येत नाही. इस्त्री, मिक्सर, शिलाई मशीन, ड्रिल, बागेतलं गवत कापायचं मशीन, ही सगळी दुसऱ्या जातीत मोडतात. त्यांच्या बाबतीत नवं घेऊन वाचणारी वीज फार थोडी, आणि नवं बनवण्याचा व जुनं टाकण्याचा बोजा मात्र पृथ्वीवर पुरता पडतो.

टाकण्याचं काय होतं? 'जुना द्या, नवा घ्या' योजनेत मिक्सर दिला की आपली सुटका होते, मिक्सरची होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या ई-कचरा अहवालानुसार 2022 मध्ये जगभरात 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या प्रक्रियेत गेल्याची नोंद फक्त 22.3 टक्क्यांची होती. त्यातही मिक्सर, टोस्टर, खेळणी असल्या छोट्या उपकरणांचा वाटा सुमारे एक तृतीयांश, आणि त्यांचं रीतसर पुनर्वापराचं प्रमाण बाराच टक्के. फ्रिज टाकताना माणूस चार ठिकाणी विचारतो, मिक्सर सरळ कोरड्या कचऱ्यात जातो. आपल्याकडे तो बहुधा भंगारवाल्याकडे पोचतो, आणि तिथून एक वाट बरी असते, एक वाईट. वाईट वाटेवर तार मोकळ्यावर जाळून तांबं काढतात आणि तो धूर काढणाऱ्याच्याच छातीत जातो. बऱ्या वाटेवर त्याच मिक्सरची चांगली बॉडी, स्विच, फील्ड कॉइल सुटी होऊन दुरुस्तीच्या दुकानांत येते. कंपनीने बंद केलेल्या मॉडेलचा भाग दुरुस्तीवाला 'बघतो, मिळेल' म्हणतो, तेव्हा तो पुष्कळदा या वाटेवरच्या मालाकडे बघत असतो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले आणि उत्पादकांवर त्यांनी जबाबदारी टाकली. पण त्यांचा मुख्य भर वस्तू मेल्यानंतर तिचं काय करायचं यावर आहे.

आणखी दोन आक्षेप आहेत, भरवशाचा आणि सुरक्षेचा. दुरुस्तीवाला खोटा भाग घालेल, नसलेला बिघाड सांगेल, ही भीती निराधार नाही. डुप्लिकेट कपलर बाजारात सर्रास मिळतात आणि ते महिन्यातही जातात. त्यावर उपाय साधा आहे: बदललेला जुना भाग परत मागायचा. झिजलेला कार्बन आणि दाते गेलेला कपलर बघून कुणालाही कळतो, त्यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही. जो देत नाही त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही. सुरक्षेबाबत मात्र मी कुठलीही सवलत देणार नाही. मिक्सरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, केबलला चिकटपट्टी गुंडाळलेली असेल, तीन पिनांच्या जागी दोन पिनांचा प्लग लावून दिला असेल, तर ती दुरुस्ती म्हणायची नाही. ओल्या ओट्यावर, ओल्या हातांनी वापरायचं हे यंत्र आहे. ज्या मिक्सरच्या आत पाणी जाऊन इन्सुलेशन खराब झालंय आणि खात्रीने दुरुस्त होत नाही, तो काढून टाकलेलाच बरा. पण हे सगळं 'दुरुस्ती चांगली हवी' या बाजूचे पुरावे आहेत. वाईट डॉक्टर भेटतो म्हणून औषधोपचारच बंद करावेत, असं कुणी म्हणत नाही.

चांगली दुरुस्ती मिळणं मात्र दिवसेंदिवस अवघड होत चाललंय, हे मान्य करायला हवं. त्याची कारणं दुरुस्तीवाल्याच्या आळसात शोधण्यात अर्थ नाही. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईची लोहार चाळ इथे विजेच्या सामानाचा बाजार अजून जोरात आहे, पण प्रत्येक कंपनी दर दोन-तीन वर्षांनी मॉडेल बदलते, कपलरच्या दात्यांची संख्या आणि आकार बदलतो, भांड्याची खाच बदलते. एका छोट्या दुकानदाराने किती तऱ्हांचे भाग साठवून ठेवायचे? आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रमात मोटर रिवाइंडिंग शिकवतात, पण शिकून बाहेर पडलेल्या मुलाला एसीच्या इन्स्टॉलेशनमध्ये एका दिवसात जेवढे पैसे दिसतात तेवढे मिक्सरच्या दुरुस्तीत आठवड्यातही दिसत नाहीत. त्यात काही कंपन्या स्क्रूच्या जागी नुसतं दाबून बसणारं, उघडलं की मोडणारं झाकण देतात. तिथे दुरुस्ती महाग पडते ती यंत्र अवघड आहे म्हणून नव्हे, ते उघडूच नये अशा बेताने जोडलंय म्हणून.

म्हणजे दुरुस्ती परवडते की नाही, हे बरंचसं कारखान्यात ठरतं, आणि तिथे सरकारला हात घालता येतो. फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासून पाच वस्तूंवर 'दुरुस्ती निर्देशांक' छापणं बंधनकारक केलं: स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि, आपल्याला जरा अनपेक्षित वाटेल असं, विजेवरचं गवत कापायचं मशीन. दहापैकी गुण देताना माहितीपुस्तिका मिळते का, यंत्र किती सहज उघडतं, सुटे भाग किती वर्षं मिळतील हे पाहतातच, शिवाय सुट्या भागाची किंमत मूळ वस्तूच्या मानाने किती, यालाही स्वतंत्र गुण आहेत. हा शेवटचा निकष फार मोलाचा आहे. भाग 'उपलब्ध' असून तो नव्या मिक्सरच्या निम्म्या किमतीला असेल, तर ती उपलब्धता कागदावरचीच. ऑस्ट्रियाने 2022 मध्ये विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च, 200 युरोंच्या मर्यादेत, सरकारने द्यायची योजना सुरू केली. आपल्याकडे नव्या मिक्सरवर जीएसटी 18 टक्के आणि नोंदणीकृत सेवा केंद्रातल्या दुरुस्तीवरही 18 टक्केच; दुरुस्तीला झुकतं माप कुठेही नाही.

भारतात अगदीच काही घडलं नाही, असं नाही. सुटे भाग दाबून ठेवण्याचा प्रश्न 2011 मध्येच भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला होता. स्वतंत्र गॅरेजना भाग आणि माहिती मिळू न दिल्याबद्दल आयोगाने 2014 मध्ये चौदा मोटार कंपन्यांना दंड केला. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. कंपन्यांनी पुस्तिका, भागांच्या किमती आणि वॉरंटीची माहिती तिथे द्यावी, ही अपेक्षा. पुढे आपल्याकडेही दुरुस्ती निर्देशांक कसा असावा, याचा अहवाल 2025 मध्ये एका समितीने दिला. त्याचा पहिला रोख मोबाइल आणि टॅबलेटवर आहे. माझ्या मते सुरुवात मिक्सरपासून केली असती तर गोष्ट जास्त सोपी झाली असती. मोबाइलच्या दुरुस्तीत सॉफ्टवेअर, पासवर्ड, बॅटरीची रसायनं असे हजार फाटे आहेत. मिक्सरमध्ये चार-पाच झिजणारे भाग आहेत आणि त्यातल्या कपलरचं माप सगळ्या कंपन्यांनी एक ठेवायचं ठरवलं, तर कुणाचंही व्यापारी गुपित फुटत नाही.

तोवर हातात उरतं ते खरेदीच्या वेळचं विचारणं. शोरूममध्ये मिक्सर घेताना आपण वॅट विचारतो, भांडी किती ते विचारतो, रंग बघतो. त्याच वेळी वाइंडिंग तांब्याचं आहे का, कपलर आणि कार्बन सुटे मिळतात का, कितीला मिळतात, आणि तळाची झाकणी स्क्रूने उघडते का, हेही विचारता येतं. विक्रेता बहुधा गोंधळेल आणि "साहेब, दोन वर्षांची वॉरंटी आहे ना" म्हणेल. मग तिसऱ्या वर्षाचं विचारायचं. आणि त्याला ते सांगता येत नसेल तर त्या मिक्सरची खरी किंमत लेबलावर छापली आहे त्याहून जास्त आहे, असं धरून शेजारच्या मॉडेलकडे वळायला हरकत नाही.